रिठ्याचा फेस

नागपूर शहराच्या मध्यभागी महाल नावाची जुनी वस्ती आहे. गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले, त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने गावाभोवती तट घातला, आणि पुढे रघूजी भोसले यांनी येथे आपली राजधानी केली. भोसल्यांचा महाल ज्या भागात होता, त्या भागालाच लोक महाल म्हणू लागले. राजवाड्याच्या आश्रयाने सरदार, चिटणीस, कारकून, वैद्य आणि सराफ यांची घरे उभी राहिली. १८५३ साली तिसरे रघूजी वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले; परंतु वाडे राहिले, अरुंद गल्ल्या राहिल्या आणि वाड्यांच्या चौकांतील विहिरीही राहिल्या. केसांसारख्या साध्या गोष्टीची हकीकत या विहिरींपासूनच सुरू करावी लागते; कारण डोके कशाने धुवावे हे पुष्कळदा पाणीच ठरवीत असते.

जुन्या वाड्यांत डोक्यावरून नाहण्याचा दिवस म्हणजे एक लहानसा समारंभच असे. त्याची तयारी आदल्या रात्री होई. जेवणे आटोपली, भांडी घासून पालथी पडली, की घरातील वडीलधारी बाई फडताळातून दोन डबे काढी. एका डब्यात तांबूस, सुरकुतलेले रिठे असत आणि दुसऱ्यात शिकेकाईच्या वाळलेल्या शेंगा. वरवंट्याने रिठे ठेचून ती त्यांतील काळ्या बिया वेगळ्या करी, शेंगांचे तुकडे करी, मूठभर आवळकाठी त्यात टाकी आणि हे सारे एका गंजात पाणी घालून भिजत ठेवी. पुण्याकडे ज्याला पातेले म्हणतात, त्याला नागपूरकडे गंज म्हणतात. भिजवण लोखंडी कढईत ठेविले, तर सकाळपर्यंत ते शाईसारखे काळे होई. आवळ्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग झाला म्हणजे काळा रंग तयार होतो. काही घरांत मुद्दाम लोखंडी भांडेच वापरीत असत. त्या काळ्या पाण्याने केस काळे राहतात, अशी त्यांची समजूत होती.

सकाळी तो गंज चुलीवर चढे. पाण्याला उकळी आली, की घरभर एक आंबूस, रानवट वास दरवळे. मग गंज खाली उतरवून भिजलेली टरफले हाताने कुस्करीत, आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून ते दाट, तपकिरी पाणी गाळून घेत. एवढे होईपर्यंत मुलांच्या डोक्यांवर तेल थापलेले असे आणि बंबातील पाणी सणसणीत तापलेले असे. न्हाणीघरातून हाक येई, "चल ग, तुझी पाळी! आणि डोळे घट्ट मीट बरे. उघडलेस तर मग रडत बसशील." ही सूचना रोजची असली तरी ती कोणी ना कोणी विसरेच, आणि मग वाड्यात रडण्याचा आवाज उठे. न्हाऊन झाल्यावर मुली चौकातील उन्हात केस मोकळे सोडून बसत. त्या दिवशी अभ्यास थोडा कमी झाला तरी कोणी फारसे बोलत नसे.

रिठा हे एका मोठ्या झाडाचे फळ आहे. दक्षिण हिंदुस्थानात आणि कोकणात त्याची एक जात आढळते, हिमालयाच्या पायथ्याशी दुसरी. फळे झुपक्यांनी लागतात आणि पिकून वाळली, की त्यांचे मांसल टरफल आक्रसून चिकट, अर्धपारदर्शक होते. आत एक काळी कुळकुळीत, कठीण बी असते. धुण्याचा गुण टरफलात असतो, बीमध्ये नसतो. म्हणून ती फेकून देत, किंवा मुले खेळावयास घेत. संस्कृतात या फळाला 'अरिष्टक' म्हणतात, आणि मराठीतील 'रिठा' हा शब्द त्यातूनच झिजत आला आहे. त्याचे दुसरे संस्कृत नाव अधिक बोलके आहे: 'फेनिल', म्हणजे फेसाळणारा. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात या वृक्षाच्या कुळीला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यालाही हाच गुण आठवला. त्याने दिलेल्या 'सॅपिंडस' या लॅटिन नावात 'साबण' आणि 'हिंद' हे दोन शब्द जोडलेले आहेत. हिंदुस्थानचा साबण, असा त्याचा अर्थ.

शिकेकाई ही मात्र झाडाची नव्हे, तर काटेरी वेलीची शेंग. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेकडील जंगलांत ही वेल मोठमोठ्या वृक्षांवर चढत जाते. तिचे काटे आकड्यांसारखे मागे वळलेले असतात; शेंगा तोडणाऱ्याचे हात आणि कपडे त्यांत सहज अडकतात. 'काय' किंवा 'काई' याचा अर्थ द्राविडी भाषांत फळ किंवा शेंग असा होतो, आणि हा शब्द तिकडूनच मराठीत आला आहे. नागपूरच्या काष्ठौषधीच्या दुकानांत मिळणारी शेंग अशी दूरच्या रानातून आलेली असते.

विदर्भाच्या कोरड्या, काळ्या मातीच्या माळावर याच कामाचे आणखी एक झाड उगवते. त्याला हिंगणबेट म्हणतात. संस्कृतात ती इंगुदी. कालिदासाच्या 'शाकुंतला'त आश्रमातील ऋषी जे तेल डोक्याला लावतात, ते याच फळाच्या बीचे. फळाच्या गराला रिठ्यासारखाच फेस येतो. खेड्यांत तर काळी माती भिजवून तिनेच केस धुण्याची रीत होती. मातीने केस स्वच्छ कसे होणार, असे शहरातल्या मुलाला वाटेल. परंतु त्या मातीचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांचे असतात. ते तेल आणि मळ आपल्या अंगाला चिकटवून घेतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. बाजारात विकत मिळणारी मुलतानी माती अशाच प्रकारच्या कणांची बनलेली असते. फरक इतकाच, की ती पुडीत बांधलेली असते आणि तिला पैसे पडतात.

ही सारी खटपट करावयाची कशासाठी? साध्या पाण्याने केस का धुतले जात नाहीत? प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म तैलग्रंथी असते. तिच्यातून पाझरणाऱ्या स्निग्ध द्रव्याने केस मऊ राहतो आणि कातडी फाटत नाही. म्हणजे हे तेल काही शत्रू नव्हे. पण त्याला धूळ चिकटते, घाम मिसळतो, वरून घातलेले खोबरेल किंवा तिळाचे तेल असतेच. मग केस चिकट होतात व डोक्याला वास येऊ लागतो. तेल आणि पाणी यांचे मात्र जमत नाही. तेलकट केसावर पाणी ओतले, तर ते अळवाच्या पानावरून ओघळावे तसे ओघळून जाते.

येथे रिठा मध्यस्थी करतो. त्याच्या टरफलात 'सॅपोनिन' नावाची द्रव्ये असतात. सॅपोनिनच्या प्रत्येक कणाला जणू दोन टोके असतात. एकाला पाणी प्रिय आहे, दुसऱ्याला तेल. तेलाचा थेंब दिसला, की असंख्य कण आपले तेलप्रिय टोक त्यात खुपसतात आणि पाणीप्रिय टोक बाहेर ठेवतात. तेलाच्या थेंबाभोवती असे कडे पूर्ण झाले, की तो पाण्याला परका वाटत नाही. पाणी त्याला उचलून घेऊन जाते. शिकेकाईत आणि हिंगणबेटातही हीच द्रव्ये कमीअधिक प्रमाणात आहेत, आणि साबणाचे कामही मुळात याच रीतीने चालते. फेस हा या गुणाचा एक देखावा आहे. त्यानेच डोके स्वच्छ होते असे नाही. शिकेकाईला रिठ्याइतका फेस येत नाही, तरी ती केस उत्तम धुते. फेस फार आला म्हणजे काम फार झाले, हा समज शिकेकाईने कधीच खोटा ठरविला आहे. पण लोकांचे डोळे फेसावरच लागलेले असतात.

साबणही हेच करीत असेल, तर महालातील बायकांनी तो डोक्याला का लावला नाही? साबण काही त्यांना अपरिचित नव्हता. १९१८ साली अर्देशिर गोदरेज यांच्या कारखान्यातून चरबीऐवजी वनस्पतींच्या तेलापासून केलेला 'चावी' छाप साबण बाजारात आला होता, आणि स्वदेशीच्या त्या काळात अशा साबणाचे कौतुकही झाले होते. अंगाला, कपड्यांना साबण आला. केसांच्या बाबतीत मात्र रिठा आणि शिकेकाई पुष्कळ दिवस टिकून राहिली. हा केवळ जुन्या चालीचा हट्ट नव्हता. त्यामागे विहीर होती.

पावसाचे पाणी जमिनीत मुरते, तेव्हा ते खडकांतून झिरपताना त्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. नागपूरच्या पश्चिमेस काळ्या बेसाल्ट खडकाचा प्रदेश आहे; सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती त्याच खडकाची. पूर्वेस त्याहूनही फार प्राचीन खडक आहेत. अशा जमिनीतील पुष्कळ विहिरींचे पाणी क्षारांनी भरलेले असते. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, बंबाच्या आतून पांढरा थर धरतो, आणि साबणाला फेस येत नाही. बायका त्याला जड पाणी म्हणतात; पुस्तकांत त्याला दुष्फेन पाणी असे नाव आहे.

दुष्फेन पाण्यात साबण घातला, की त्यातील क्षार साबणाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा, पांढुरका, चिकट साका तयार होतो. कपड्यांवरून तो आपटून-पिळून काढता येतो. कमरेपर्यंत लांब असलेल्या केसांतून तो कसा काढावयाचा? धुतलेले केस वाळल्यावर राठ आणि निस्तेज दिसत, फणी अडके, आणि फणीच्या दातांवर पांढरी पूड दिसे. सॅपोनिनवर मात्र या क्षारांचा असा परिणाम होत नाही. रिठ्याला जड पाण्यातही फेस येतो, आणि साका बसत नाही. महालातील आजींना सॅपोनिन हा शब्द ठाऊक नव्हता. कोणत्या पाण्यात काय चालते, हे मात्र त्यांना नेमके ठाऊक होते, आणि या बाबतीत त्यांचा अनुभव रसायनशास्त्राच्या तंतोतंत जुळणारा होता.

शिकेकाईची बाजू घेणारे आणखी एक कारण आहे. केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसत नाही. वाड्याच्या छपरावर जशी कवेलू एकावर एक रचलेली असतात, तसे त्यावर बारीक खवले असतात. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते. त्याने हे खवले उचलले जातात, केस एकमेकांत गुंततात आणि प्रकाश नीट परावर्तित न झाल्यामुळे त्यांची चमक जाते. शिकेकाईचे आणि आवळ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. आम्लाने खवले पुन्हा खाली बसतात. शेवटच्या तांब्यात लिंबू पिळण्याची किंवा केसांना ताक लावण्याची जी पद्धत होती, तिचे इंगित हेच.

या द्रव्यांचा उपयोग किती जुना आहे, याची कल्पना हरियाणातील बनावली येथील उत्खननावरून येते. सिंधू संस्कृतीच्या त्या गावी मिळालेल्या अवशेषांत रिठा, आवळा आणि शिकेकाई ही तिन्ही एकत्र सापडली. नागपुरातील गंजात जे मिश्रण रात्रभर भिजत पडे, ते साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी असेच भिजवीत असावे.

'शाम्पू' हा शब्द ऐकला, की तो परदेशी असावा असे वाटते. गंमत अशी, की तो हिंदुस्थानातूनच विलायतेस गेला. हिंदीतील 'चाँपना' म्हणजे दाबणे, चेपणे. 'चंपी' हा शब्द त्यातलाच, आणि मराठीतील 'चापणे' त्याच्या जवळचे. पाटण्यास १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद नावाचे गृहस्थ प्रथम आयर्लंडमध्ये व नंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. तेथील ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेच्या स्नानाची व अंग चेपून देण्याची सोय असलेले स्नानगृह चालविले. इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम यांनीही त्यांची सेवा घेतली. त्या अंग चेपण्याला इंग्रज लोक 'शाम्पू' म्हणू लागले. पुढे तो शब्द अंगावरून डोक्यावर सरकला, आणि चेपण्याचा अर्थ गळून धुण्याचा अर्थ उरला. १९०३ साली बर्लिनमध्ये हान्स श्वार्झकोफ यांनी पाण्यात विरघळणारी शाम्पूची पूड विकावयास काढली. शब्द असा जग फिरून, बाटलीत बसून, हिंदुस्थानात परत आला.

आजच्या शाम्पूत आणि साबणात एक मोठे अंतर आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची व तेलांची टंचाई पडली, तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञांनी साबणावाचून धुणारी कृत्रिम द्रव्ये शोधण्यास आरंभ केला. १९३४ साली अमेरिकेत 'ड्रीन' नावाचा साबणरहित शाम्पू निघाला. अशा शाम्पूचा जड पाण्यात साका होत नाही. म्हणजे जो गुण रिठ्याच्या अंगी निसर्गतः होता, तोच कारखान्यात घडविला गेला. साबणाला जे जमले नव्हते, ते शाम्पूला साधले, आणि ठेचणे, भिजवणे, उकळणे, गाळणे हे सारे कष्टही वाचले. त्या कष्टांचा भार घरातील बायकांवरच होता, हे येथे विसरता येत नाही. बाटली महाग वाटे त्यांच्यासाठी पुडी आली. तमिळनाडूतील कडलूरचे सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली 'चिक' नावाचा शाम्पू काढला. तो लहानशा पुडीत विकला जाई, आणि खेड्यापाड्यांत पोचला. मौजेची गोष्ट म्हणजे त्यांच्याच कंपनीने पुढे शिकेकाईची पूडही पुडीतून विकली.

कृत्रिम द्रव्यांनी एक नवी अडचणही उभी केली. पहिल्या पिढीतील द्रव्ये अशी होती, की पाण्यातील व मातीतील सूक्ष्मजंतूंना त्यांचे विघटन करता येत नसे. ती गटारातून नदीत जात आणि तशीच राहत. १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर, बंधाऱ्यांखाली, साबणाच्या फेसासारखे पांढरे डोंगर तरंगताना लोकांनी पाहिले. नळाच्या पाण्यालाही कोठे कोठे फेस येऊ लागला. अखेर पश्चिम जर्मनीने १९६१ साली याविरुद्ध कायदा केला, आणि १९६५च्या सुमारास कारखान्यांनी ती द्रव्ये बदलून सूक्ष्मजंतूंना पचतील अशी दुसरी आणली. पाण्याच्या अशा प्रश्नांचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था नागपुरातच आहे. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी ती स्थापन झाली आणि १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'नीरी', या नावाने ती ओळखली जाते.

रिठ्याचे सॅपोनिन मातीत व पाण्यात कालांतराने नाहीसे होते. याचा अर्थ ते सर्वस्वी निरुपद्रवी आहे असा नव्हे. निसर्गातून आलेली वस्तू निर्धोक असलीच पाहिजे, हा समज अनेक जाहिराती पसरवितात. रिठा मात्र त्याला आधार देत नाही. लहान डबक्यात रिठ्याचे दाट पाणी ओतले, तर त्यातील मासे मरतात. सॅपोनिन त्यांच्या कल्ल्यांना इजा करते. म्हणूनच काही ठिकाणी अशी फळे ठेचून पाण्यात टाकून मासे पकडीत असत. झाडही हे विष उगाच साठवीत नाही. किडे आणि बुरशी यांच्यापासून फळाचे रक्षण करणे, हे त्याचे मूळ काम. माणसाने आपले डोके धुवावे म्हणून ते निर्माण झालेले नाही.

डोळे मिटून घेण्याची आजीची सूचना याच कारणाने महत्त्वाची आहे. रिठ्याचे पाणी डोळ्यात गेले, तर नुसते झोंबत नाही. डोळे लाल होऊन सुजतात. तसे झाल्यास न चोळता, भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे बराच वेळ धुवावे लागतात, आणि तरीही आग थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे लागते. रिठ्याची किंवा शिकेकाईची कोरडी पूड नाकात गेली, तर शिंकांवर शिंका येतात; ज्यांना दम्याचा विकार आहे, त्यांनी तर ती कुटताना जवळ उभे राहू नये. शिकेकाई दळावयाची असली, की गिरणीतील गिऱ्हाइके तोंडाला पदर लावून दूर होतात, ते यासाठीच. हे पाणी पोटात घेण्याचे नाही. आणि रिठ्याने टक्कल जाते, पांढरे केस काळे होतात, असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य नाही. केसाची वाढ कातडीच्या आत, मुळाशी होते. ती आहारावर, आरोग्यावर आणि आईवडिलांकडून आलेल्या गुणांवर अवलंबून असते. धुणारी वस्तू बाहेरचे काम करते, आणि तेवढेच तिने नीट करावे.

महालातील विहिरी आता पुष्कळशा बुजल्या आहेत किंवा झाकल्या गेल्या आहेत. नागपूरला पाणी येते ते मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. नदीचे पाणी बहुधा विहिरीइतके जड नसते. तरी ज्या इमारतींत विंधन विहिरीचे पाणी वापरतात, तेथे साबणाची आणि पाण्याची जुनी भांडणे अजून चालू आहेत. वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, चौक गेले, उन्हात केस वाळविण्याच्या जागाही गेल्या. काष्ठौषधीच्या दुकानात मात्र गव्हला कचोरा, नागरमोथा, संत्र्याची वाळलेली साल आणि रिठे यांची पोती अद्याप मांडलेली दिसतात. दिवाळीच्या आधी, अभ्यंगस्नानाच्या तयारीसाठी, तेथे गर्दी होते. एरवी गिऱ्हाईक तुरळक.

रिठ्याचे एक गिऱ्हाईक मात्र कायमचे आहे. सोन्याचांदीचे काम करणारे कारागीर दागिने उजळण्यासाठी रिठ्याचे कोमट पाणी वापरतात. त्यात दागिना भिजवितात, मऊ ब्रशाने घासतात, आणि नक्षीच्या खाचांत बसलेला मळ ओरखडा न उठता निघून येतो. रेशमी व लोकरी वस्त्रांनाही साबणापेक्षा रिठाच मानवतो. साबणाच्या अल्काने रेशमाचा तंतू खराब होतो. रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी यांसाठी नागपूरचे कोष्टी विणकर एकेकाळी दूरवर प्रसिद्ध होते. अशी लुगडी घरोघर रिठ्याच्या पाण्यातच काढली जात, आणि पिळून नव्हे, तर निथळून वाळविली जात.

विहिरीचा आणि साबणाचा हा झगडा कोणालाही घरी पाहता येतो. त्यासाठी सारख्या आकाराच्या तीन बाटल्या लागतात. दोन बाटल्यांत विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी आणि तिसरीत स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी, असे सारखेच पाणी भरावे. विहिरीच्या पाण्याच्या एका बाटलीत आणि पावसाच्या पाण्यात साबणाचा कीस चिमूट-चिमूट घालावा. दुसऱ्या बाटलीत रिठ्याचे दोन चमचे पाणी घालावे. बुचे घट्ट लावून प्रत्येक बाटली वीस वेळा हलवावी आणि उन्हात ठेवावी. पावसाच्या पाण्यातील साबण भरघोस फेस देतो. रिठ्याच्या बाटलीतही फेसाचा थर बराच वेळ टिकतो. विहिरीच्या पाण्यातील साबणाला फेस आलाच तर तो लगेच विरतो, आणि पाणी दुधाळ होऊन त्यावर पांढरे कण तरंगू लागतात. तोच तो साका.

उरलेले रिठ्याचे पाणी फेकण्याचे कारण नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून त्याचे एक टोक त्यात बुडविले आणि दुसऱ्या टोकातून हलकेच फुंकले, तर इंद्रधनुष्याच्या रंगांचे फुगे निघतात. त्यासाठी देठ तोंडाने ओढू मात्र नये, फक्त फुंकावा. रिठ्याची चव अत्यंत कडू असते.